केटीमध्ये रात्री दहानंतर आवाज बंद ठेवण्याचा नियम आहे का?

आपला प्रश्न असा आहे: आपण टेक्सासमधील ह्यूस्टनजवळ केटीच्या पत्त्यावर नवीन घर घेतले आहे, शेजारच्या घरात शुक्रवारी आणि शनिवारी मध्यरात्र उलटेपर्यंत अंगणात मोठे स्पीकर लावून गाणी चालतात, आणि रात्री दहानंतर आवाज बंद ठेवण्याचा नियम येथे आहे का व तक्रार नेमकी कोणाकडे करावी, हे आपल्याला हवे आहे. मी फोर्ट बेंड काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग) अशाच एका वसाहतीत बरीच वर्षे राहतो आणि या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही.

सर्वप्रथम आपले घर कोणत्याही शहराच्या हद्दीत आहे की नाही, हे पाहावे लागेल. पत्त्यात ‘केटी’ असणे हा त्याचा पुरावा नव्हे, कारण टपालाचा पत्ता आणि शहराची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केटी हे शहर म्हणून लहान आहे आणि हॅरिस, फोर्ट बेंड व वॉलर या तीन काउंटींच्या सीमा जिथे मिळतात तिथे वसलेले आहे. त्याच्या नावाचा पत्ता लावणाऱ्या बहुसंख्य वसाहती मात्र कुठल्याच शहरात मोडत नाहीत. त्यांनाच येथे अनइन्कॉर्पोरेटेड भाग म्हणतात. आपल्या मालमत्ता कराचे बिल काढून कर घेणाऱ्या संस्थांची यादी वाचा. तिच्यात काउंटी, शाळा जिल्हा आणि पाण्याचा म्यूड (वसाहतीला पाणी व सांडपाण्याची सेवा पुरवणारी स्थानिक संस्था) असेल, पण शहराची ओळ नसेल, तर आपण काउंटीच्या भागात आहात.

तसे असेल, तर दहा वाजताचा नियम आपल्याला लागू नाही. ह्यूस्टन शहराने निवासी भागासाठी दिवसा ६५ आणि रात्री ५८ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे, पण ती शहराच्या हद्दीतच चालते. काउंटीने तसाच नियम का केला नाही, असे आपल्याला वाटेल, आणि मलाही सुरुवातीला तेच वाटले होते. टेक्सासमध्ये काउंटीला शहरासारखा सर्वसाधारण नियम करण्याचा अधिकारच नाही. राज्यघटनेने किंवा विधिमंडळाने जेवढे अधिकार नेमून दिले असतील तेवढेच कमिशनर्स कोर्टाला वापरता येतात. (नावात कोर्ट असले तरी ते न्यायालय नसून काउंटी जज आणि चार कमिशनर यांचे प्रशासकीय मंडळ आहे.) तेव्हा कमिशनरच्या कार्यालयात अर्ज देऊन रात्रीची वेळमर्यादा मिळेल, या आशेवर वेळ घालवू नये.

आपल्या हाती उरतो तो राज्याचा फौजदारी कायदा, म्हणजे टेक्सास पीनल कोडचे कलम ४२.०१. दुसऱ्याच्या राहत्या घराजवळ जाणूनबुजून अवाजवी आवाज करणे हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. तो क्लास सी, म्हणजे सर्वांत सौम्य प्रकारचा असल्यामुळे शिक्षा केवळ दंडाची, जास्तीत जास्त ५०० डॉलर, आणि खटला जस्टिस ऑफ द पीस या स्थानिक न्यायाधीशांसमोर चालतो. याच कलमात ८५ डेसिबलचा आकडा येतो आणि लोकांचा गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो. तो आकडा म्हणजे परवानगीची कमाल मर्यादा आहे असे समजले जाते, पण कायदा तसे म्हणत नाही. हा आवाज सार्वजनिक उपद्रव आहे अशी सूचना मॅजिस्ट्रेटने किंवा पोलीस अधिकाऱ्याने दिल्यानंतरही तो ८५ डेसिबलच्या वर गेला, तर तो अवाजवी आहे असे कायदा गृहीत धरतो. त्याखालचा आवाजही अवाजवी ठरू शकतो, फक्त तिथे गृहीतकाचा आधार मिळत नाही आणि ते सिद्ध करावे लागते. मोजमाप किती अंतरावरून करावे हे कलमात नाही, आणि दिवस-रात्र असा भेदही नाही.

८५ हा आकडा लहान नाही. कामगारांच्या कानांचे रक्षण व्हावे म्हणून अमेरिकेतील निऑश ही संस्था आठ तासांच्या पाळीसाठी जी मर्यादा सुचवते, ती नेमकी ८५ डेसिबलची आहे. महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या लोकांना याचे विशेष आश्चर्य वाटते, कारण भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मानके आहेत व रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. डेसिबलचे माप लॉगरिदमचे असल्यामुळे दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. ४५ आणि ८५ यांच्यातील अंतर म्हणजे दहा हजार पट. रात्री झोपू पाहणाऱ्या कुटुंबासाठी ही तरतूद अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणूनच त्या पहिल्या सूचनेला इतके महत्त्व आहे. आपण स्वतः दार ठोठावून केलेली विनंती किंवा एचओएचे (वसाहतीच्या घरमालक संघटनेचे) पत्र त्या कलमातील सूचना ठरत नाही. ती डेप्युटीने, म्हणजे शेरीफ किंवा कॉन्स्टेबल या काउंटीच्या पोलीस प्रमुखांच्या हाताखालील अधिकाऱ्याने, द्यावी लागते. शेरीफच्या किंवा कॉन्स्टेबलच्या, आपत्कालीन नसलेल्या क्रमांकावर आवाज चालू असतानाच फोन करा. आपल्या वसाहतीने कॉन्स्टेबलशी गस्तीचा करार केला असेल, तर तिथला डेप्युटी लवकर पोहोचतो. शेजाऱ्याला उपद्रवाची सूचना द्यावी आणि तिची नोंद व्हावी, असे शब्दांत सांगा.

आमच्याच अंगणात एका गणेशोत्सवात ढोल-ताशा वाजत असताना डेप्युटी आले होते. त्यांच्याकडे मीटर नव्हता. त्यांनी शांतपणे सांगितले, आम्ही तत्काळ वादन थांबवले आणि दुसऱ्या दिवशी मी तक्रार करणाऱ्या घरी गेलो. त्यांचे तान्हे बाळ दोन तास रडत होते. कायद्याने आम्ही कदाचित दोषी ठरलो नसतो, तरीही चूक आमचीच होती, आणि तेव्हापासून आम्ही मिरवणुकीची वेळ शेजाऱ्यांना आठवडाभर आधी कळवून ती सूर्यास्तापूर्वी संपवतो.

व्यवहारात सर्वांत उपयोगी पडतात ते वसाहतीचे डीड रिस्ट्रिक्शन, म्हणजे घराच्या वापरावरील अटी. घर घेताना सही केलेल्या त्या दस्तात उपद्रवाचे कलम बहुधा असतेच, आणि काही वसाहतींत आवाजाच्या वेळाही दिलेल्या असतात. एचओएला दंड लावण्यापूर्वी राज्याच्या प्रॉपर्टी कोडप्रमाणे लेखी नोटीस द्यावी लागते आणि घरमालकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, त्यामुळे महिनाभर सहज जातो. तारीख, सुरू आणि बंद होण्याची वेळ व आपल्या शयनगृहातील मोजमाप अशी नोंदवही ठेवलीत, तर त्या सुनावणीत ती कामी येईल. फोनवरील ॲपचे आकडे अचूक नसतात, पण सातत्य दाखवायला पुरतात.

फटाक्यांचा विषय वेगळा आहे. ह्यूस्टन शहरात ते बेकायदेशीर आहेत, काउंटीच्या भागात सामान्यतः नाहीत, आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने दिवाळीच्या काळात फटाकेविक्रीला मुभा देण्याचा अधिकारही काउंटींना दिला. तेव्हा ४ जुलै, ३१ डिसेंबर आणि दिवाळी या रात्रींच्या आवाजाची तक्रार सहसा पुढे सरकत नाही. आपल्या नोंदवहीत त्या रात्री धरू नका आणि येत्या शुक्रवारपासून ती सुरू करा.