वाचकांचे प्रश्न : आल्प्समध्ये सायकल, नदीच्या उताराने

प्रश्न : आम्ही पतीपत्नी साठीच्या उंबरठ्यावर आहोत. रोज सकाळी सेमिनरी हिल्स आणि फुटाळ्याच्या बाजूने सायकल चालवतो, हिवाळ्यात एखाद्या रविवारी रामटेकपर्यंतही जातो. आल्प्समध्ये, जिथे जंगल आहे, तळी आहेत आणि मोटारींचा त्रास नाही अशा मार्गाने आठवडाभर सायकलने फिरावे, असे मनात आहे. परंतु डोंगर म्हटला की घाट आला, आणि चिखलदऱ्याचा घाट सायकलने चढणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. आमच्यासारख्यांनी हा बेत करावा का? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : अवश्य करावा, मात्र मार्ग निवडताना अंतराआधी दिशा पाहावी. आल्प्समधले वाहनमुक्त सायकलमार्ग बहुतेक करून दोन जागी सापडतात. एक म्हणजे नदीकाठी, खोऱ्याच्या तळातून, आणि दुसरी जागा म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेच्या जुन्या बांधावर. दोन्हीकडे चढ सौम्य असतो. घाटरस्ते, त्यांची वळणे आणि त्यांवरून धावणाऱ्या मोटारी व मोटारसायकली यांच्याशी तुमचा संबंध येण्याचे कारणच नाही.

तुम्हाला साजेसा भाग म्हणजे इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरचे पुस्टर खोरे. त्यात टोब्लाख नावाचे गाव आहे. गाव इटलीत असले तरी तिथली बहुसंख्य वस्ती जर्मनभाषक असल्यामुळे पाट्यांवर टोब्लाख आणि दोब्याको अशी दोन्ही नावे असतात. शेजारचे इनिखेनही सान कांदिदो म्हणून लिहिलेले दिसेल. टोब्लाखची उंची सुमारे 1,200 मीटर आहे, म्हणजे तुमच्या चिखलदऱ्यापेक्षा थोडीच अधिक, त्यामुळे विरळ हवेची चिंता करण्याचे कारण नाही. हे गाव जलविभाजकावर वसलेले आहे. तिथून पश्चिमेला जाणाऱ्या रिएन्त्स नदीचे पाणी शेवटी एड्रियाटिक समुद्राला मिळते, तर गावाजवळच उगम पावणारी द्राऊ पूर्वेला वाहत जाऊन क्रोएशियात डॅन्यूबला आणि तिच्यावाटे काळ्या समुद्राला मिळते. तुम्हाला या द्राऊचा पदर धरून जायचे आहे.

टोब्लाखपासून ऑस्ट्रियातील लिएन्त्स शहरापर्यंतचा सायकलमार्ग सुमारे 45 किलोमीटरचा आहे आणि लिएन्त्स समुद्रसपाटीपासून 673 मीटरवर आहे. म्हणजे दिवसभरात पाचशे मीटरहून अधिक उतरायचे आणि चढायचे जवळजवळ काहीच नाही. मार्ग नदीच्या कडेने, कुरणांतून आणि सूचिपर्णी झाडांच्या सावलीतून जातो. जे रामटेकपर्यंत सायकल मारतात त्यांना हे अंतर मुळीच जड जाऊ नये. इनिखेनला भाड्याने घेतलेली सायकल लिएन्त्सला परत करून रेल्वेने मागे येण्याची सोय आहे. सायकल घेतानाच तसे ठरवून घ्यावे. एक खबरदारी मात्र हवी. लिएन्त्स आणि लिन्त्स ही ऑस्ट्रियातील दोन वेगवेगळी शहरे असून रोमन लिपीत त्यांच्यात एकाच अक्षराचा फरक आहे, तेव्हा तिकीट काढताना अक्षरे नीट वाचावीत.

या मार्गाची कीर्ती हीच त्याची अडचणही आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लहान मुलांच्या सायकली, मागे जोडलेल्या गाड्या आणि मध्येच थांबून छायाचित्रे काढणारी मंडळी यांनी तो अक्षरशः भरून जातो. वाहनमुक्त म्हणजे निर्जन नव्हे. सकाळी लवकर निघालात तर पहिले दोन तास शांत मिळतील आणि परतीच्या गाडीतही जागा मिळेल. दुपारनंतर लिएन्त्सच्या फलाटावर सायकलींची रांग लागते.

तळ्यांसाठी टोब्लाखहूनच दक्षिणेला वळावे. तिथून कोर्तिना गावामार्गे कालाल्त्सोपर्यंत डोलोमाइट रेल्वेची छोटी लाइन होती. ती 1921 मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाली, 1956 च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी तिने प्रेक्षकांची ने-आण केली आणि 1964 मध्ये ती बंद पडली. आज तिच्या बांधावर सायकलमार्ग आहे. नागपूरकरांना छोट्या लाइनचे अप्रूप वेगळे सांगायला नको, पण सायकलस्वाराच्या दृष्टीने तिचे मोल असे की आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही. म्हणून अभियंत्यांनी डोंगराला वळसे देत, गरज पडेल तिथे बोगदे खोदून चढ पसरवून टाकलेला असतो. टोब्लाखपासून चिमाबांके या 1,530 मीटर उंचीच्या खिंडीपर्यंत सुमारे पंधरा किलोमीटरमध्ये सव्वातीनशे मीटर चढ आहे, म्हणजे शंभर मीटरला जेमतेम दोन मीटर. दम लागेल, पण उतरून सायकल ढकलावी लागणार नाही. वाटेत आधी टोब्लाखचे तळे लागते आणि पुढे 1,406 मीटरवर ड्युरेनझे हे दुसरे तळे. त्या दोहोंच्या मधे लांड्रो येथे दरी एका बाजूला उघडते आणि ड्राय त्सिनेन ही तीन सुळक्यांची प्रसिद्ध रांग समोर दिसते. रस्ता डांबरी नसून बारीक खडीचा आहे, त्यामुळे जरा रुंद टायरांची सायकल मागून घ्यावी. खिंडीपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत फिरावे. कोर्तिनापर्यंत उतरलात तर येताना तो चढ पुन्हा चढावा लागेल.

उरलेले दिवस ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतात घालवावेत, असे माझे मत आहे. लिएन्त्सहून आगगाडीने फिलाखला गेले की ओसियाखर झे आणि फाकर झे ही दोन तळी हाताशी येतात. ओसियाखच्या तळ्याभोवती सायकलने पूर्ण फेरी मारता येते. फेरी तीस किलोमीटरच्या आत बसते. उत्तर काठावर वर्दळीचा रस्ता जवळ येतो, दक्षिण काठ निवांत आहे. इथली तळी उन्हाळ्यात पोहण्याजोगी कोमट होतात, म्हणून सायकलच्या पिशवीत एक पंचा ठेवावा.

ऑस्ट्रियातील साल्झबुर्गपासून इटलीच्या समुद्रकाठच्या ग्राडोपर्यंतच्या सुमारे 410 किलोमीटरच्या आल्पे-अद्रिया मार्गाची जाहिरात तुम्हाला ठिकठिकाणी दिसेल. मार्ग उत्तम आहे, पण आठवड्याच्या सुटीत तो पुरा करण्याच्या मागे लागलात तर तळ्याकाठी बसायला वेळ उरणार नाही.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीला घेऊन याच भागात जायचे असल्यास कोणता महिना योग्य? (वर्धा)

उत्तर : जूनचा पूर्वार्ध. विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडत असल्यामुळे मुलीची शाळा बुडत नाही. तिकडे ऑस्ट्रियातल्या शाळांना उन्हाळी सुटी लागलेली नसते, त्यामुळे मार्ग आणि गाड्या मोकळ्या असतात आणि सूर्य रात्री नवाच्या सुमारास मावळतो. उंचावरील खिंडीत एखाद्या वर्षी बर्फ रेंगाळलेले असू शकते, तेव्हा चिमाबांकेचा बेत स्थानिक चौकशी करूनच पक्का करावा. द्राऊच्या मार्गावर सिलियानजवळ हाइनफेल्स येथे लोआकर या वेफर बनविणाऱ्या कंपनीचे मुलांना भुरळ घालणारे केंद्र आहे. तिथे किती वेळ जाईल याचा हिशेब पालकांनी आधीच करावा. ऑस्ट्रियात बारा वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरात अचानक गडगडाटी पाऊस येतो, म्हणून दिवसाचे अंतर दुपारी दोनच्या आत संपेल असा बेत ठेवावा. उन्हात तापलेल्या नागपूर-वर्ध्याहून निघताना गरम कपडे भरण्याची बुद्धी होत नाही, पण पहाटेच्या उतारावर हातमोजे लागतातच.

प्रश्न : स्वतःची सायकल विमानाने न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? (मनीषनगर, नागपूर)

उत्तर : भाड्याने घ्यावी. नागपूरहून युरोपला जायचे तर विमान बदलावेच लागते, आणि प्रत्येक बदलात सायकलचे खोके हाताळले जाते. शिवाय एका दिशेने जाऊन सायकल दुसऱ्या गावी सोडून देण्याची सोय भाड्याच्या सायकलीलाच मिळते. गुडघे कुरकुरत असल्यास विजेवर चालणारी सायकल घेण्यात संकोच बाळगू नये. युरोपीय संघात 250 वॅटपर्यंतच्या आणि ताशी 25 किलोमीटरनंतर साहाय्य थांबविणाऱ्या सायकलीला सायकलच मानले जाते.

दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी ब्रेक तपासावेत. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक सहसा पुढच्या चाकाला असतो, तिकडे बहुतेक वेळा डाव्या हाताचा. उतारावर घाबरून सवयीने डावा ब्रेक जोरात दाबला तर पुढचे चाक थांबते आणि माणूस सायकलवरून पुढे फेकला जातो. सायकलही उजव्या बाजूने चालवायची असते, आणि ही सवय पहिल्या वळणावर हमखास मोडते.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. वाटेत उपाशी राहावे लागेल का? व्हिसा कोणत्या देशाचा काढावा? (हिंगणघाट)

उत्तर : उपाशी राहावे लागणार नाही, पण चौकशी करावी लागेल. पुस्टर खोऱ्यात पालक आणि ताजे चीज भरलेले श्लुत्सक्राप्फन मिळतात आणि कॅरिंथियात चीज भरलेले कासनूडल्न. दोन्हींत मांस नसले तरी पारीच्या पिठात बहुधा अंडे असते. पावाच्या गोळ्यांत डुकराचे मांस असू शकते. अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी दुकानातून ब्रेड, चीज, फळे आणि दही घेऊन नदीकाठी बसावे, हे सर्वात सोपे. घरून नेलेला चिवडा उपयोगी पडेल. गावांतल्या दगडी कुंडांतले पाणी, पिण्यास अयोग्य अशी पाटी नसल्यास, पिता येते.

व्हिसा शेंगेन असल्यामुळे दोन्ही देशांत चालतो, परंतु अर्ज त्या देशाकडे करावा लागतो जिथे तुमच्या रात्री जास्त आहेत; रात्री समसमान असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश कराल त्याच्याकडे. म्हणून टोब्लाख आणि फिलाख यांमधील मुक्काम आधी ठरवावा, मग अर्ज भरावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करता येतो, आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. द्राऊच्या मार्गावर सीमा कधी ओलांडली हे कळतही नाही, तरीही पासपोर्ट खोलीत न ठेवता सोबतच बाळगावा.