डक्टच्या तोंडाला आधी कठडा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावरच्या साइटवर तू इंजिनिअर म्हणून रुजू झालास हे कळल्यापासून तुला एक गोष्ट लिहायची होती. माणूस पडला की ‘त्याचेच लक्ष नव्हते’ असे लगेच बोलले जाते. तू मात्र आधी विचार की, ती जागा उघडी कोणी ठेवली होती. दिवसभर सिमेंटची पोती वाहणाऱ्या बिगाऱ्याचा पाय कधी ना कधी घसरणारच; तो घसरला तरी जीव वाचेल अशी व्यवस्था करणे हे आपले काम आहे.

म्हणून सेंट्रिंग (स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा तात्पुरता आधार) निघाले की त्याच दिवशी लिफ्टच्या डक्टला, म्हणजे लिफ्टसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीला, आणि स्लॅबच्या कडांना पक्का कठडा लावून घे. डक्टवर नुसता प्लायवूडचा तुकडा टाकून ठेवणे मला उघड्या डक्टपेक्षाही घातक वाटते, कारण त्यावर माणूस विश्वासाने पाय देतो.

सेफ्टी बेल्ट सगळ्यांच्या अंगावर दिसतात, पण हूक बहुधा लोंबतच असतो. मुकादमाला बोल लावण्याआधी, हूक अडकवायला भक्कम लाइफलाइन (आधाराची ताणलेली दोरी) बांधली आहे का, ते पाहा. ती डोक्याच्या वर हवी; पायापाशी हूक अडकवला, तर बेल्टच्या दोरीची लांबी आणि धक्का शोषणाऱ्या शॉक अब्सॉर्बरचे उलगडणे धरता 3 मीटरच्या मजल्यात माणूस खाली आपटतो. शिवाय बेल्टला लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत उतरवावे लागते, नाहीतर नुसत्या लटकण्यानेही जिवावर बेतते. त्याला कोण आणि कसे उतरवणार, हे आधीच ठरलेले असू दे.

पायाच्या खड्ड्याबद्दल इतकेच सांगतो की, एक घनमीटर माती दीड टनाहून जड भरते, त्यामुळे पावसाळ्यात खड्ड्याच्या बाजूंना आधार दिल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नकोस.

10 सप्टेंबर 2023 रोजी ठाण्यात बाळकुमला 40 मजली इमारतीची कामाची लिफ्ट कोसळून 7 कामगार गेले, तो रविवार होता. तुझ्याकडे रविवारी काम चालत असेल, तर लिफ्ट तपासून सही करणारा जबाबदार माणूस रविवारीही हजर हवा, आणि तो नसेल तर लिफ्ट बंद ठेवण्याचा अधिकार तू साहेबांकडून लेखी मागून घे. स्लॅबची तारीख चुकेल म्हणून ठेकेदार रागावेल, वरूनही फोन येतील. तरीही काम थांबव आणि कारण रजिस्टरमध्ये वेळेसह लिही. अधिकार देण्यास कोणी नकार दिला, तर मला त्याच दिवशी कळव. मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलेन.

तुझा हितचिंतक