८ फूट रुंद कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या अरुंद रस्त्यांवर नेता येईल का?

नेता येईल, रुंदीची एवढी धास्ती घेऊ नका. नेहमीची कॅरव्हॅन साधारण २.३ मीटर रुंद असते, ही सुमारे २.४५, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम सात-आठ सेंटिमीटर जास्त. ब्रिटनमध्ये कायद्याने २.५५ मीटरपर्यंत चालते. हमरस्त्यावर फरक जाणवतही नाही.

खरी कसोटी आतल्या गल्ल्यांत. तिथल्या हिरव्या कुंपणांच्या पोटात बरेचदा दगडी बांध असतो, वरून नुसती झुडपं दिसतात. पानं घासली तर घासू देत, पण त्या हिरवळीत चाक घालू नका. वळणावर कॅरव्हॅनची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून जरा उशिरा आणि बाहेरून वळा.

साध्या सॅटनॅववर (गाडीतल्या रस्ता दाखवणाऱ्या यंत्रावर) मुळीच विसंबू नका, जवळची वाट म्हणून तो भलत्याच गल्लीत घालतो. कॅम्पसाइटवाल्यांना आधी फोन करून वाट विचारा. जादा आरसे लावाच. कॅरव्हॅन गाडीपेक्षा रुंद असली की मागचं नीट दिसायला ते लागतातच. पुढे जाताना समोरच्या गाडीला वाट देता येईल अशा रुंद जागा हेरत चला, आणि मागे घ्यायची वेळ आलीच तर सोबतच्याला खाली उतरवून आरशात दिसेल असं उभं करा.