पट्टा, प्लग आणि पहिली टीटी

प्रश्न : ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावर १९०७ ला झालेल्या पहिल्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) मोटरसायकल शर्यतीत दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर ताशी ५८ किमीच्या सरासरीने जिंकला. तेवढ्या वेगाने माझी स्कूटरही घोडबंदर रोडवर जाते (रस्ता मोकळा मिळाला तर). मग त्याचं एवढं कौतुक का?
– एक वाचक, मानपाडा, ठाणे

उत्तर : कंस तुम्हीच घातलात ते बरं झालं. फाउलरला रस्ता मोकळा होता. साथ देत नव्हती ती गाडी.

सेंट जॉन्सपासून निघून कर्क मायकल, पील करत परत, असे दहा फेरे. एकूण २५४ किमी. ठाण्याहून नाशिक गाठून, परतीला कसारा घाट उतरून शहापूरपर्यंत आलात तर साधारण एवढं अंतर पडेल. तेही खडी-मातीच्या रस्त्यावर. गाडी नॉर्टनची, इंजिन प्यूजोचं. गिअर नाही, क्लच नाही. ढकलत पळायचं आणि इंजिन पेटलं की उडी मारून बसायचं. वाटेत थांबलात की पुन्हा तेच, आणि फाउलर तर सारखाच थांबत होता.

थांबण्याचं मोठं कारण म्हणजे प्लग. तेव्हा इंजिनात तेल फिरत राहण्याची सोय नव्हती. टाकीशेजारच्या हातपंपाचा दट्ट्या दाबून स्वारच अधूनमधून तेल सोडायचा. ते वापरलं जायचं, जळायचं, गळून जायचं. कमी सोडलं तर पिस्टन जाम. म्हणून शर्यतीत हात सैलच राहायचा. जास्तीचं तेल पिस्टनच्या रिंगांवरून वर चढायचं, प्लगच्या टोकाशी जळून काजळी धरायचं आणि ठिणगी गॅपमध्ये पडायच्या ऐवजी काजळीतूनच निसटायची. व्ही-ट्विनमध्ये (इंग्रजी V सारखे तिरके बसवलेले दोन सिलिंडर) आणखी एक भानगड असते : फ्लायव्हील, म्हणजे इंजिनातलं जड फिरतं चाक, मागच्या सिलिंडरकडे जास्त तेल उडवतं. एक प्लग तेलाने चिंब, दुसरा तापलेला.

दुसरं दुखणं पट्ट्याचं. इंजिनाच्या पुलीवरून थेट मागच्या चाकाला पट्टा जायचा. तापला की ताणायचा, ताणला की घसरायचा. मग उतरून तुकडा कापायचा, टोकाला नवं भोक पाडायचं, आकडा बसवायचा. त्यात भर म्हणून पुढचं टायर भरवेगात फुटलं आणि वीस मिनिटांहून जास्त वेळ त्यात गेला. सोडून देण्याच्या बेतात असताना कोणा प्रेक्षकाने सांगितलं, की तू गटात अर्ध्या तासाने पुढे आहेस. इतरांचीही तीच गत होती. त्या दिवसाची सर्वांत वेगवान फेरी, ताशी ६९ किमी, फाउलरचीच. आमच्या मते शर्यत त्याने पाना हातात धरूनच जिंकली.

प्रश्न : माझ्या जुन्या फोर-स्ट्रोक सिंगलचा प्लग दर दोनशे किमीला काळा होतो. गॅरेजवाला रिंगा बदलायला सांगतोय. करू का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : थांबा. काळा कोरडा की काळा ओला, हे आधी पाहा. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय : चोक पूर्ण उघडतोय का, कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची सुई अडकत नाही ना, एअर फिल्टर तुंबलाय का, एवढंच तपासा. इंजिन उघडायचं कारण नाही.

ओला, तेलकट, चमकणारा असेल तर गाडी तेल खातेय. गरम इंजिनाचं कॉम्प्रेशन थ्रॉटल पूर्ण उघडून गेजवर मोजा. मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा, दोन-तीन किक मारून ते पसरू द्या आणि पुन्हा मोजा. आकडा चांगलाच चढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलंय. जवळपास तेवढाच राहिला तर व्हॉल्व्हकडे बघा. येऊरच्या उतारावर थ्रॉटल बंद ठेवून या आणि खाली पोचल्यावर उघडा. त्या क्षणी निळसर धुराचा लोट निघाला तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळीवर) जातो, आणि ते काम रिंगांपेक्षा वेगळं आहे.

नवा प्लग बसवताना गॅप फिलर गेजने मॅन्युअलप्रमाणे लावा. डोळ्याच्या अंदाजाने नको. काळा होतो म्हणून जास्त गरम नंबरचा (टोक जास्त तापणारा) प्लग लावणं म्हणजे ताप मोजायच्या आधीच गोळी घेणं. काही दिवस लक्षण दबतं, तेल जळत राहतं.

प्रश्न : १९०७ च्या त्याच टीटीत एका सिलिंडरचा गट चार्ली कॉलियरने जिंकला. पण त्याच्या मॅचलेस मोटरसायकलला सायकलसारखे पेडल होते म्हणे. मग तो खरा विजेता का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : पेडल नियमात बसत होते. चढावर पट्टा घसरू लागला की पाय मारून इंजिनाला हात द्यायचा, एवढाच उपयोग. पण पेट्रोलही मोजूनच मिळायचं : सिंगलला लिटरमागे सुमारे ३२ किमी काढणं भाग, ट्विनला साडेसव्वीस. अशा हिशेबात पाय मारणाऱ्याचा फायदा होणारच. ट्रायम्फवर बिनापेडल दुसऱ्या आलेल्या जॅक मार्शलची तक्रार हीच होती. १९०८ ला पेडल बंद झाले आणि मार्शल जिंकला.

पण कॉलियर पेडलांच्या जिवावरच जिंकला म्हणावं, तर १९१० ला पेडल नसताना त्याने ताशी साडेएक्क्याऐंशी किमीच्या सरासरीने पुन्हा टीटी मारली. १९११ ला शर्यत डोंगरावरच्या लांब मार्गावर गेली. साखळी आणि दोन गिअरच्या अमेरिकन इंडियन गाड्यांपुढे पट्टा कमी पडला. तरी कॉलियर दुसरा पोचला होता. ठरवून दिलेली जागा सोडून पेट्रोल भरलं म्हणून त्याला बाद केलं.