ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये कोणाशी बोलायचं, कोणाला थांबवायचं

अबे, नागपूरच्या मे महिन्यात दुपारी घरात बसून मोबाइलवर हाच गेम सुरू केलास, बेस्ट केलंस. आता एक ऐक. क्वेस्टची, म्हणजे गेममधल्या मोहिमांची, घाई सोड, आधी गेममधली माणसं ओळख.

माझा सगळ्यात लाडका हान्स. लंब्रिज किल्ल्याभोवती चकरा मारत असतो, लोक त्याच्याकडे पाहातही नाहीत. त्याला विचार, मी इथं किती काळ आहे? तो तुझ्या खेळाचा खराखुरा वेळ सांगतो.

मग ड्रेनॉर गावचा वाइज ओल्ड मॅन. बँकेच्या गार्डशी बोललास की या म्हाताऱ्यानं घातलेल्या दरोड्याचं रेकॉर्डिंग दिसतं. निळी टोपी घातलेला हाच म्हातारा तुझ्या बँकेतली जुन्या क्वेस्टची अडगळ शोधून देतो. काय पात्र लिहिलंय राजा!

मिझगॉग नावाचा जादूगार मात्र डोक्यात जातो. विझार्ड्स टॉवरच्या वरच्या मजल्यावर बसून नवख्यांना चार रंगांच्या मण्यांसाठी इंपांमागे, म्हणजे छोट्या सैतानांमागे पळवतो, आणि इंपाला मारायला गेलं की तो इंप गायब. काहून पळायचं? मणी ग्रँड एक्सचेंजवर, म्हणजे गेममधल्या बाजारात, विकत घे आणि त्याला नेऊन दे. ८७५ मॅजिक एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतो, सुरुवातीलाच लेव्हल १ वरून थेट ८ वर जातोस.