‘वन ऑफ माय फ्रेंड्स’नंतर ‘लिव्ह’ की ‘लिव्ह्ज’?

प्रश्न असा आहे: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ म्हटल्यावर पुढे ‘लिव्ह’ यावं की ‘लिव्ह्ज’? विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं, कानाला ‘फ्रेंड्स लिव्ह’ बरं वाटतं, पण व्याकरणाचं पुस्तक ‘लिव्ह्ज’वर अडून बसलंय.

पुस्तक बरोबर आहे. पण त्यामागचं कारण मराठीतून जास्त लवकर कळतं. ‘माझ्या मित्रांपैकी एक जण परदेशात राहतो’ हे बोलताना ‘राहतात’ असं कुणाच्याच तोंडून निघत नाही, कारण ‘मित्रां’ना ‘पैकी’ चिकटलंय. मराठीत नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की त्याचा क्रियापदावरचा हक्क संपतो. ‘मुलगी पत्र लिहिते’ यात क्रियापद मुलीचं ऐकतं. ‘मुलीने पत्र लिहिलं’ म्हटलं की ‘ने’वाली मुलगी बाजूला पडते आणि क्रियापद पत्रामागे जातं, पत्रं अनेक असतील तर ‘लिहिली’ होतं. ‘मुलीने भावाला ओळखलं’ यात दोघांनाही प्रत्यय, म्हणून क्रियापद कुणाचंच ऐकत नाही. (‘मी’ आणि ‘तू’ इथे नेहमीप्रमाणे वेगळे वागतात, त्यांना सोडून देऊ.)

इंग्रजीत हाच प्रत्यय नामानंतर न लागता नामाच्या आधी वेगळा उभा राहतो: ‘ऑफ’, ‘विथ’, ‘इन’. नामाचं रूप मात्र बदलत नाही, आणि तिथेच आपण फसतो. ‘द बॉक्स ऑफ ओल्ड लेटर्स’मधली ‘लेटर्स’ दिसायला कर्त्यासारखी दिसतात, क्रियापदाला खेटूनही असतात, पण ती ‘पत्रांची’ आहेत, ‘पत्रं’ नव्हेत. म्हणून ‘इज’. ‘अलाँग विथ’चंही तेच. ‘ताई मुलांसह निघाली’ यात ‘निघाली’ ताईचंच, मुलं कितीही असोत.

नियमाला एक मोठा अपवाद आहे. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर’, पण ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज’. पहिल्याचा अर्थ नुसता ‘बरेच विद्यार्थी’, दुसऱ्याचा ‘विद्यार्थ्यांची संख्या’. मराठी करून पाहिलं की घोळ मिटतो.

मात्र मराठी दर वेळी वाचवत नाही. कधी तीच खड्ड्यात घालते. आपले केस अनेकवचनी, म्हणून ‘हर हेअर आर लाँग’ सहज निघून जातं, हवं ‘इज’. बातम्या ऐकणाऱ्याला ‘न्यूज आर’ म्हणावंसं वाटतं, तिथेही ‘इज’. उलट आपली कात्री एकच, पण ‘सिझर्स आर’. आणि ‘एक पोलीस आला’ मराठीत चालतं, इंग्रजीत ‘पोलीस’ कायम अनेकवचनी.

जाता जाता त्या ‘एस’बद्दल. नामाला लागला तर अनेकवचन, क्रियापदाला लागला तर एकवचन, हा प्रकार लहानपणी सगळ्यांनाच छळतो. हे दोन ‘एस’ मुळात वेगळे आहेत, दिसायला सारखे इतकंच. क्रियापदाचा ‘एस’ इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलींतून पसरला आणि त्याने जुन्या ‘हॅथ’, ‘डूएथ’मधल्या ‘एथ’ची जागा घेतली. वर्तमानकाळातले कर्त्यानुसार बदलणारे बाकीचे प्रत्यय झिजून गेले, हा एकटा उरला. आणि समोर एकच माणूस असताना ‘यू आर’ का? कारण ‘यू’ मूळचं अनेकवचन. एकट्यासाठी ‘दाऊ आर्ट’ होतं. आपण एकाच माणसाला ‘तुम्ही आहात’ म्हणतो, तशीच ती आदराची सवय. इंग्रजांचा ‘तू’ मागे पडला, एवढाच फरक.

आता ताईंच्याच वाक्याला शेपूट लावून पाहू: ‘शी इज वन ऑफ दोज फ्रेंड्स हू…’ पुढे काय? इथे ‘लिव्ह’! कारण ‘हू’ हा ‘फ्रेंड्स’बद्दल बोलतोय, ‘वन’बद्दल नाही. ‘जे मित्र परदेशात राहतात, त्यांच्यापैकी ती एक’ असं मांडलं की ‘राहतात’ आपोआप येतं. चांगले लिहिणारेही इथे ‘लिव्ह्ज’ लिहून जातात, तेव्हा तुमचा कान अडखळला तर त्यात नवल नाही.