टेप नुसती दाबायची की ओली करायची?

प्रश्न : काही टेप नुसत्या दाबल्या की चिकटतात, काहींना पाणी लागतं, काहींना इस्त्री. असं का? आणि डबल साइड टेपवर लावलेला हुक दुसऱ्याच दिवशी का पडतो?

उत्तर : साधी सेलोटेप किंवा डबल साइड टेप घ्या, तिचा गोंद कधी वाळतच नाही, तो कायम मऊ असतो, अर्धा घट्ट अर्धा पातळ म्हणा ना, आणि दाबला की पृष्ठभागाच्या बारीक खाचांमध्ये पसरतो, मग रेणूंमधलं आकर्षण त्याला धरून ठेवतं. त्यामुळे इथे जोर महत्त्वाचा, पाणी नाही. पण हे पसरणं हळूहळू होतं! ॲक्रिलिक फोम टेपला (म्हणजे जाडसर, स्पंजासारख्या डबल साइड टेपला) पूर्ण ताकद यायला साधारण ७२ तास लागतात, आणि आपण लगेच वजन लटकवतो. प्लीज एक दिवस तरी थांबा, आणि आधी भिंत पुसून कोरडी करा, धूळ असेल तर टेप धुळीलाच चिकटते. थंडीत गोंद कडक होतो म्हणून १० अंशांखाली लावूच नका. पॉलिथिन, टेफ्लॉनवर मात्र कितीही दाबा, पकड कमीच.

खोक्यांची कागदी गम टेप वेगळी, तिच्यावर बहुतेक वेळा स्टार्चचा वाळलेला गोंद असतो, पाणी लागलं की तो जागा होतो, पुठ्ठ्याच्या तंतूंत शिरून वाळतो, मग काढताना पुठ्ठाच फाटतो. मला पार्सलसाठी हीच आवडते. इस्त्रीवाल्या टेपचा गोंद उष्णतेने वितळतो, गार झाला की पकडतो, म्हणून गरम असताना कापड ओढू नका.